विश्लेषण : लस नाही म्हणून रेशन नाही? असा आदेश पुन्हा निघू नये, यासाठी राज्याचा कायदा का हवा

नोव्हेंबर २०२१ मध्ये हिंगोली जिल्ह्याचे नाव देशपातळीवरच्या एका नकोशा यादीत आले. करोना लशीची पहिली मात्रा पन्नास टक्के लोकांपर्यंतही पोहोचली नाही, अशा जिल्ह्यांची ती यादी होती. महाराष्ट्रातील सहा जिल्हे त्यात होते : औरंगाबाद, नंदुरबार, बुलढाणा, हिंगोली, नांदेड आणि अकोला. पंतप्रधानांनी ३ नोव्हेंबरला या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांची दूरदृश्य प्रणालीद्वारे बैठक घेतली. त्यानंतर काही दिवसांतच औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला की, लशीची किमान एक मात्रा घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवणाऱ्यालाच रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळेल. तिकडे ठाणे महापालिकेने लस न घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचे वेतन रोखण्याची भूमिका घेतली. महिनाअखेरीस राज्य सरकारचाच आदेश आला आणि तो मुंबईइतकाच कळमनुरीलाही लागू झाला.

ते सगळे निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला उठले. लोकही ते विसरले. पण ज्या कायद्यांच्या आधारे ते आदेश निघाले होते ते कायदे आजही लागू आहेत. पुढची साथ आली तर तोच कागद, तारीख बदलून, पुन्हा निघू शकतो.

कळमनुरीत लसीकरण मागे का पडले होते?

‘गावाकडच्या लोकांना आजाराचे गांभीर्य नव्हते’ हे तेव्हा ठिकठिकाणी ऐकू येणारे उत्तर कळमनुरीबाबत तरी टिकणारे नाही. कळमनुरीचे माजी आमदार, हिंगोलीचे माजी खासदार आणि तेव्हाचे राज्यसभा सदस्य राजीव सातव यांचे १६ मे २०२१ रोजी पुण्यात करोनानंतरच्या गुंतागुंतीमुळे निधन झाले. वय अवघे ४६. अंत्यसंस्कार कळमनुरीत झाले. करोना हा शहरातल्या लोकांचा आजार नाही, हे सांगायला या तालुक्यात कुणा तज्ज्ञाची गरज उरली नव्हती.

अडचण दुसरीकडे होती. तालुक्याची एक बाजू हिंगोली-नांदेड रस्त्यावर आहे. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा ही गजबजलेली ठिकाणे त्याच रस्त्यावरची. दुसऱ्या बाजूला ईसापूर धरणाकडचा भाग, आदिवासी गावे आणि तांडे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळमनुरीत आहे ते उगीच नव्हे. राज्याने ८ ते १४ ऑक्टोबर २०२१ या काळात ‘मिशन कवचकुंडल’ ही लसीकरण मोहीम राबवली. मराठवाड्यात हे दिवस सोयाबीन काढणीचे. मळणी यंत्र दारात आले असताना घरातला कर्ता माणूस लस घ्यायला जात नाही. गेला, ताप आला आणि दोन दिवस अंग दुखले तर त्या दोन दिवसांची मजुरी कोण देणार? पुढे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या जिल्ह्याबाहेर पडतात. त्यात नोंदणी मोबाइलवर, अफवाही मोबाइलवर. लस घेतली की माणूस दगावतो, मूल होत नाही अशा गोष्टी आरोग्य खात्याच्या खुलाशापेक्षा वेगाने फिरत होत्या.

हे सगळे अडथळे खरे होते आणि त्यांतला प्रत्येक अडथळा दूर करण्याचा मार्ग आरोग्य कर्मचाऱ्यांना ठाऊक होता. संध्याकाळी वस्तीवर जायचे, शेतात जायचे, गावातला ओळखीचा माणूस सोबत घ्यायचा. नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली ‘हर घर दस्तक’ मोहीम हेच सांगत होती. पण त्याला माणसे लागतात आणि वेळ लागतो. आदेशाला एक सही पुरते.

२७ नोव्हेंबरच्या आदेशात काय होते?

राज्य सरकारच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशानुसार दुकाने, मॉल, कार्यक्रम, समारंभ अशा सार्वजनिक ठिकाणी काम करणारे आणि तेथे येणारे, दोघेही ‘पूर्ण लसीकरण’ झालेले हवेत. सार्वजनिक वाहनांतून प्रवासही त्यांनाच. पुरावा म्हणून राज्याचा ‘युनिव्हर्सल पास’ किंवा कोविनचे प्रमाणपत्र. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड, ज्या आस्थापनेत नियम मोडला जाईल तिला १० हजार आणि आस्थापनेनेच नियम पाळले नाहीत तर ५० हजार रुपये. वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसलेल्यांना आणि १८ वर्षांखालील मुलांना सवलत होती.

आता यातला हिशेब पाहा. ‘पूर्ण लसीकरण’ म्हणजे दोन मात्रा आणि दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवस. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील किमान अंतर केंद्र सरकारनेच मे २०२१ मध्ये १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस केले होते. समजा, सुगी उरकून एखाद्या शेतमजूर बाईने १० नोव्हेंबरला पहिली मात्रा घेतली. दुसरी तिला २ फेब्रुवारीच्या आधी मिळूच शकत नव्हती आणि आदेशाच्या व्याख्येत ती १६ फेब्रुवारीला बसणार होती. म्हणजे सरकारचे ऐकून रांगेत उभी राहिलेली बाई पुढचे जवळपास अडीच महिने सरकारच्याच लेखी दुकानात शिरायला अपात्र. ज्याने लस घेतलीच नाही तो आणि ही बाई, आदेशाने दोघांना एकाच पंगतीला बसवले.

सार्वजनिक वाहनांच्या अटीची गंमत तर आणखी वेगळी. विलीनीकरणाच्या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांचा संप तेव्हा ऐन भरात होता. बहुतेक आगारांतून गाड्या निघतच नव्हत्या. लोक काळी-पिवळीत आणि मिळेल त्या वाहनात कोंबून जात होते. तिथे कोण कुणाचे प्रमाणपत्र तपासणार होते? नियम कागदावर सर्वांना सारखा असतो, पण तो बसतो तपासणीच्या जागी सापडणाऱ्यावर. अशा जागा ठरलेल्या असतात. रेशन दुकान, तहसील कार्यालय, बँकेची रांग. तिथे कोण उभे असते, हे सांगायला नको.

रेशनला अट घालता येते का?

लशीच्या सक्तीवरील चर्चा बहुतेक वेळा विमान, मॉल आणि मुंबईची लोकल यांभोवती फिरली. कळमनुरीसारख्या ठिकाणी खरा प्रश्न रेशनचा आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. कुटुंब पात्र आहे की नाही, एवढाच प्रश्न तो कायदा विचारतो. धान्य दिले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागेल, असे त्याचे आठवे कलम म्हणते. संसदेने दिलेला हक्क जिल्ह्याच्या आदेशाने अटीवर टांगता येत नाही, हे समजायला मोठ्या वकिलाची गरज नसावी.

मग असे आदेश निघतात कसे? दोन कायद्यांच्या जोरावर. पहिला साथरोग कायदा, १८९७. मुंबई-पुण्यातील प्लेगच्या वेळी घाईघाईने केलेला, मूळचा जेमतेम चार कलमांचा. सरकारला साथीच्या काळात ‘आवश्यक वाटतील ते’ उपाय करण्याची मोकळीक तो देतो. कोणते उपाय करता येणार नाहीत, याबद्दल अवाक्षर नाही. त्याच वर्षी पुण्यात घराघरांत शिरून केलेल्या तपासण्यांनी काय घडवले, रँडचा वध का झाला, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही माहीत असते. दुसरा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. त्याच्या ३४व्या कलमाने जिल्हा प्राधिकरणाला वाहतूक, ये-जा नियंत्रित करण्यापासून अनेक अधिकार मिळतात. पूर, भूकंप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली ही भाषा. पुरात रस्ता बंद करणे आणि लस घेतली नाही म्हणून धान्य बंद करणे, या दोन गोष्टी एकाच कलमाच्या पोटात घालणे म्हणजे कायद्याला नको तेवढे ताणणे आहे.

न्यायालये काय म्हणाली?

सर्वात महत्त्वाचा निकाल २ मे २०२२ चा. बालरोगतज्ज्ञ आणि लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाचे माजी सदस्य डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने तो दिला. कोणत्याही व्यक्तीला लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही, शरीराबाबतची स्वायत्तता राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदात येते, असे त्यात स्पष्ट म्हटले. पण निकाल तिथेच थांबत नाही. समाजाच्या आरोग्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकते, मात्र ते २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातील कसोट्यांवर उतरले पाहिजेत : त्यामागे कायदा हवा, गरज हवी आणि निर्बंध गरजेच्या प्रमाणात हवा. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त प्रसार होतो, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही. म्हणून तेव्हाची बंधने प्रमाणाबाहेरची ठरली.

हा निकाल अनेकदा ‘सक्तीवर कायमची बंदी’ म्हणून सांगितला जातो. ते चुकीचे आहे. केंद्राचे लसीकरण धोरण न्यायालयाने अवाजवी ठरवले नाही, मुलांच्या लसीकरणालाही हरकत घेतली नाही. रुग्णसंख्या कमी असेपर्यंत निर्बंधांचा फेरविचार करावा, अशी सूचना केली आणि ती त्या वेळच्या परिस्थितीपुरती असल्याचेही नमूद केले. उद्याचा विषाणू वेगळा असेल, उद्याची लस प्रसार खरोखर रोखणारी असेल, तर हिशेब नव्याने मांडावा लागेल. तो मांडायचा कुणी आणि कोणत्या नियमांनी, याचे उत्तर निकालात नाही. ते विधिमंडळाने द्यायचे असते.

मुंबई उच्च न्यायालयातील लोकल प्रवासाचे प्रकरणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिथे प्रश्न लशीच्या गुणदोषांचा राहिलाच नाही. पूर्ण लसीकरण झालेल्यांनाच लोकलमध्ये प्रवेश देणारे २०२१ चे आदेश मुख्य सचिवांच्या सहीने निघाले होते, पण आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांत सांगितलेली प्रक्रिया पाळली गेली नव्हती, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुनावले. ऑगस्टपासून लाखो लोकांच्या रोजच्या पोटापाण्याचा प्रवास ज्यावर ठरत होता, त्या निर्णयाची पद्धतच सदोष होती, हे कळायला सहा महिने गेले. मुंबईकरांकडे निदान याचिका करणारे लोक होते. आखाडा बाळापूरच्या बाजारात अडवलेल्या माणसाला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत जायला दिवसाची मजुरी आणि वकिलाची फी, दोन्ही जुळवावे लागते. तोवर आदेशाची मुदत संपलेली असते.

मेघालय उच्च न्यायालयाने तर जून २०२१ मध्येच म्हटले होते की उपजीविकेची अडवणूक करून लस घ्यायला लावणे मूलभूत हक्कांना धक्का देणारे आहे. महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये तो निकाल माहीत नव्हता की माहीत असून उपयोगाचा वाटला नाही, कोण जाणे.

केंद्राची भूमिका सोयीची कशी?

जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. संमतीशिवाय कुणालाही लस देण्याचे धोरण नाही आणि कोणत्याही कामासाठी लशीचे प्रमाणपत्र अनिवार्य करणारी कार्यपद्धती केंद्राने काढलेली नाही, असे त्यात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, लशीनंतर मृत्यू झाल्याचा दावा करणाऱ्या पालकांच्या याचिकेत केंद्राने हीच भूमिका नुकसानभरपाई नाकारण्यासाठी वापरली. लस ऐच्छिक होती, कायदेशीर सक्ती नव्हती, म्हणून सरकारवर थेट दायित्व येत नाही.

म्हणजे धान्य, प्रवास, पगार अडकलेला असताना लस सक्तीची आणि काही विपरीत घडले की ऐच्छिक. लशीमुळे गंभीर दुष्परिणाम होण्याचे प्रमाण अत्यंत कमी होते आणि लशीने वाचवलेले जीव त्यापेक्षा कितीतरी जास्त, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रमाण कमी आहे म्हणूनच भरपाईचा भार सरकारला सहज पेलण्यासारखा होता. सरकारने अडवून लस घ्यायला लावली असेल तर जोखमीतला वाटाही उचलावा, एवढी साधी अपेक्षा त्या प्रतिज्ञापत्राने झटकून टाकली.

अमेरिकेतील राज्यांनी काय केले?

या प्रश्नावर कायदे करण्यात अमेरिकेतील राज्ये पुढे आहेत, पण तिकडचा मार्ग जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. फ्लोरिडाने २०२१ मध्ये व्यावसायिकांना ग्राहकांकडून करोना लशीचा पुरावा मागण्यास कायद्याने बंदी केली; प्रत्येक उल्लंघनाला ५ हजार डॉलरपर्यंत दंड. माँटानाने त्याच वर्षी लसीकरणाच्या स्थितीवरून नोकरीत आणि सेवांमध्ये भेदभाव करण्यास मनाई केली. टेक्सासने २०२३ मध्ये खासगी मालकांना कर्मचाऱ्यांवर करोना लशीची सक्ती करण्यापासून रोखले. आयडाहोने २०२५ मध्ये त्याही पुढे जाऊन व्यवसाय आणि शाळांसह सर्वांनाच वैद्यकीय उपचाराची अट घालण्यास मज्जाव केला.

सक्तीवर मर्यादा घालता घालता लसच नको, इथपर्यंत राजकारण कसे सरकते, ते यातून दिसते. टेक्सासमध्ये २०२५ च्या सुरुवातीला पसरलेल्या गोवरात ७६० हून अधिक रुग्ण आढळले, दोन मुलांचा मृत्यू झाला. करोना लशीबाबतच्या कायद्यामुळे हा गोवर पसरला, असे म्हणता येणार नाही. ज्या समुदायात तो पसरला तिथे मुलांचे लसीकरण आधीपासूनच कमी होते. पण नेत्यांनी वर्षानुवर्षे लशीबद्दल संशय पेरल्यावर तो एका आजारापुरता राहत नाही.

महाराष्ट्रानेही गोवर पाहिला आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे उद्रेक झाला, मुले दगावली. करोनाकाळात नियमित लसीकरण मागे पडल्याची ती किंमत होती. सक्तीविरोधी कायदा असा हवा, की जो आशा कार्यकर्तीच्या हातातील लशीची यादी कमकुवत करणार नाही.

मग राज्याचा कायदा कसा असावा?

सार्वजनिक आरोग्य हा राज्य सूचीतील विषय आहे, त्यामुळे विधिमंडळाला अधिकार आहे. केरळने २०२३ मध्ये नवा सार्वजनिक आरोग्य कायदा केला, तमिळनाडूकडे १९३९ पासून तो आहे. पुद्दुचेरीने तर डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या १९७३ च्या आरोग्य कायद्याखालीच लसीकरण अनिवार्य केले. ते योग्य होते की नाही हा वेगळा मुद्दा, पण निदान ते आरोग्याच्या कायद्याखाली होते. एक अडचण मात्र आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ७२वे कलम त्याला इतर कायद्यांवर वरचष्मा देते. त्यामुळे राज्याच्या कायद्याला धार हवी असेल तर राष्ट्रपतींची संमती घेण्याची तयारी ठेवावी लागेल, किंवा केंद्राने २००५ च्या कायद्यातच दुरुस्ती करावी लागेल.

कायद्यात पहिली गोष्ट हवी ती अडवता न येणाऱ्या सेवांची. रेशन, रोजगार हमीचे काम, निराधारांचे अनुदान, सरकारी दवाखाना, केलेल्या कामाचा पगार, मुलांचा शाळाप्रवेश. यांना लशीच्या पुराव्याची अट कोणत्याही साथीत, कोणत्याही अधिकाऱ्याला घालता येऊ नये. बाकी ठिकाणी अट घालायचीच वेळ आली तर ती राज्य पातळीवरून, लेखी कारणांसह आणि ठरलेल्या मुदतीसाठीच असावी. त्या आजारात लस प्रसार रोखते याचा पुरावा आदेशासोबत जाहीर व्हावा आणि पुढच्या अधिवेशनात तो आदेश सभागृहापुढे यावा. जिल्हाधिकाऱ्यांवर उद्दिष्टाचा दबाव असतो. सर्वात कठोर आदेश काढण्याचा मोह त्यांनाच सर्वाधिक होणार.

सरसकट बंदी मात्र नको. अतिदक्षता विभागातील परिचारिका किंवा नवजात बालकांच्या कक्षातील कर्मचारी यांच्याकडून लसीकरणाची अपेक्षा रास्त आहे. तिथे धोका दुसऱ्याच्या जिवाला असतो आणि त्या दुसऱ्याला निवड नसते.

पुरावा दाखवण्याची पद्धतही कायद्यानेच ठरवावी लागेल. रबरी शिक्का मारलेले कागदी कार्ड मोबाइलवरील क्यूआर कोडइतकेच ग्राह्य धरले पाहिजे. दुकानदाराने किंवा कार्यालयाने त्याची प्रत ठेवू नये. जून २०२३ मध्ये कोविनवर नोंदणी केलेल्यांची नावे, फोन आणि ओळखपत्रांचे क्रमांक टेलिग्रामवरील एका बॉटवर सापडत असल्याचे उघड झाले होते. माहिती थेट कोविनमधून फुटली नाही, असा खुलासा तेव्हा झाला, पण ज्यांचे क्रमांक फिरले त्यांना त्याने काय दिलासा मिळाला? आता बालकांच्या लशींची नोंद यू-विनवर होते. जन्मापासूनची आरोग्यनोंद सरकारी पोर्टलवर जाणार असेल, तर ती कोण मागू शकतो याची रेषा आत्ताच आखायला हवी.

भरपाईचे कलम या सगळ्यात सर्वाधिक विरोध ओढवून घेईल, कारण त्यात पैसा आहे. राज्याने किंवा मालकाने अट घालून लस घ्यायला लावली आणि प्रतिकूल घटनांच्या चौकशी समितीने मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व लशीशी जोडले, तर दोष सिद्ध करण्याची वाट न पाहता ठरावीक रक्कम कुटुंबाला मिळावी. चौकशीचा निष्कर्षही कुटुंबाला लेखी आणि मराठीत मिळावा. आज गावातल्या माणसाला तो कुठे मागायचा, हेही माहीत नसते. तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात त्यासाठी एक अर्ज, एक पोच आणि उत्तरासाठी ठरलेले दिवस, एवढी सोय साथ नसतानाही सुरू करता येते. त्यासाठी तर कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही; आरोग्य विभागाचे एक परिपत्रक पुरेल.